शिलाई मशीन पुरे, आता समुपदेशकाचा पगार द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठ मार्चच्या आपल्या पुरवणीत आमच्या जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमाचा फोटो होता. ओळीनं मांडलेली शिलाई मशीन, मागं कंपनीचा फलक, पुढं डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. मशीन मिळालं तर कुणाला नको असतं? पण गेली काही वर्षं बायांसाठी येणारा पैसा असा फोटोत मावेल तेवढाच येतो, आणि ज्याचा फोटो निघत नाही त्या कामाला कुणी हात लावत नाही. त्याबद्दल लिहिते.

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी एकल महिलांच्या छोट्या संस्थेचा जमाखर्च पाहते. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, माराला कंटाळून माहेरी परतलेल्या बाया आमच्याकडे येतात. माझं काम नुसत्या वह्यांचं नाही. बारा-ए आणि ऐंशी-जी या करसवलतीच्या नोंदण्यांचं नूतनीकरण, सरकारच्या ‘दर्पण’ पोर्टलवरची नोंद, कंपन्यांचा समाजकामाचा निधी (सीएसआर) घ्यायला लागणारा सीएसआर-वनचा क्रमांक, ऑडिटरच्या मागं लागणं आणि देणगीदारांना प्रस्ताव लिहिणं, हे सगळं माझ्याच टेबलावर येतं. आत्ताही स्त्रिया आणि लिंगभाव न्यायासाठी मदत देणाऱ्या एका फाउंडेशनचा अर्ज समोर उघडा आहे. विचार चांगला आहे, भाषा तर फारच चांगली आहे. एका रकान्यात मात्र ‘किती महिलांचे सक्षमीकरण झाले, तिमाहीनिहाय’ असं विचारलंय आणि सोबत ठिकाणाची नोंद असलेली छायाचित्रं मागितलीत. नवऱ्यापासून लपून आलेल्या बाईचा ठावठिकाणा फोटोवर छापून पाठवायचा, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

मागच्या पावसाळ्यात एक जण धाकट्याला कडेवर घेऊन आली. संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती हिंसेचा अहवाल झाला, कोर्टात अर्ज पडला. २००५चा कायदा म्हणतो की पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. हिच्या तारखा अजून पडतायत. नवऱ्याला समन्स लागत नाही, कारण तो टोळीबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर ऊस तोडतोय. प्रत्येक तारखेला आमची समुपदेशक तिच्यासोबत जाते. बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, त्याचा आधार आहे. पण स्टँडपासून कोर्टापर्यंतच्या रिक्षाची पावती कोण देणार? मग मी व्हाउचर फाडते आणि वर्षअखेरीला ऑडिटर त्यावर लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढतो. समुपदेशकाचं मानधन तर प्रस्तावात दिसलं की पहिलं तेच कापलं जातं. “हा अॅडमिनचा खर्च झाला, कार्यक्रमाचा खर्च दाखवा,” असं फोनवर सांगतात. अहो, मार खाणाऱ्या बाईजवळ बसणारी बाई हाच आमचा कार्यक्रम. अनुदान संपलं की तीही जाते. मागची एक बँकेच्या बचत गटांच्या कामाला लागली. तिला नावं कशी ठेवणार? तिचं घर तिलाच चालवायचंय. पण तिच्या हातातल्या बायांना सगळी कर्मकहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागली, आणि दोघी-तिघी परत आल्याच नाहीत.

वेळेचं गणित तर याहून उफराटं. कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मंजुरीचं पत्र दिवाळीनंतर, पैसा जानेवारीत, आणि सोबत ‘मार्चअखेर खर्च करावा’ अशी ओळ. त्या महिन्यांत आमच्याकडच्या निम्म्या बाया कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर असतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही पोरं. अशा वेळी शंभर बायांचं प्रशिक्षण घ्या म्हटलं की कुणाला बसवणार? म्हणून मशीन वाटली जातात. एका दिवसात खर्च पडतो, पक्कं बिल मिळतं, फोटो निघतो.

कायद्याकडे बोट दाखवायलाही फारशी जागा नाही. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामाला द्यायला लावतं. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समानता आणि महिलांची वसतिगृहं स्पष्ट लिहिलेली आहेत. प्रकल्प ‘चालू’ म्हणून दाखवला तर तो सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी ३ वर्षं चालवता येतो. न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची सोयही आहे. म्हणजे इच्छा असेल तर दीर्घ मुदतीचा शब्द देता येतो. आडवी येते ती दुसरी गोष्ट. कायदा म्हणतो, कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कारखाने चाकणला आणि तळोज्याला, त्यामुळे पैसाही तिकडेच. आमच्या तालुक्यात धूर निघतो तो गुऱ्हाळाचा.

परदेशी फाउंडेशनचा पैसा पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांमार्फत झिरपत आमच्यापर्यंत यायचा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनं एका संस्थेनं दुसरीला परदेशी निधी देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. स्वतः नोंदणी करावी तर मागच्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. आमच्यासारखीनं ते आणायचे कुठून? शिस्त हवी, हिशेब तपासा, एकेक व्हाउचर बघा. पण छोटीला मोठीच्या पदराखालूनही घेता येऊ नये, यात कुणाची सोय झाली ते मला उमगलेलं नाही.

पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना १८८७च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं. त्यानं शब्द दिला १० वर्षांचा. त्या भरवशावर १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन उघडलं, पुढं पुण्याला गेलं. १८९३ साली धर्मांतरावरून पुण्यात केवढं वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. तरी बॉस्टननं मदत तोडली नाही, मुदत पुरी केली. पत्रं बोटीनं जायची त्या काळात हे जमलं. आज रोज व्हिडिओ कॉलवर भेटणाऱ्या देणगीदाराला अकरा महिन्यांच्या पुढचं दिसत नाही.

आपला अंक पुण्या-मुंबईतल्या सीएसआर समित्यांच्या टेबलांवरही जातो, म्हणून सरळ मागते. पुढच्या मंजुरीपत्रात एका वर्षाऐवजी तीन लिहा. दोन समुपदेशकांचा पगार आणि कोर्टाच्या तारखांचा प्रवास कार्यक्रमाच्या खात्यात धरा. प्रशिक्षणाचा हप्ता टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये सोडा. फोटोऐवजी आमचं केस रजिस्टर पाहायला या. नावं झाकून दाखवू, दिवसभर बसा, चहा आमच्याकडून.

आपली,
जमाखर्च पाहणारी एक कार्यकर्ती, जि. बीड

(नाव छापू नये ही विनंती. वर उल्लेख केलेल्या अर्जाची मुदत अजून संपायची आहे.)