आईच्या हाडांसाठी लघवीची एक तपासणी द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझी आई ६८ वर्षांची. ओसरीवरून उतरताना घसरली आणि मनगट मोडलं. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीत, हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनतेचा आकडा, उणे २.९. आठवड्यातून एकदा घ्यायची, हाडांची झीज रोखणाऱ्या अलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा केली, तर आकडा आणखी खाली.

मग कळलं, आई दर रविवारी ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होती. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. पुढे अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. एवढं पाळूनही औषधाचा शंभरातला एक भागसुद्धा रक्तात पोचत नाही. दुधाच्या चहाबरोबर तर जवळजवळ सगळं वाया. आईचा काय दोष? तिला कुणी नीट सांगितलं नाही, आणि औषध लागू पडतंय का, हे दोन वर्षं कुणी पाहिलंही नाही.

पाहता आलं असतं. हाड झिजतं तेव्हा त्यातल्या कोलॅजन या प्रथिनाचे तुकडे लघवीत उतरतात. एनटीएक्स तपासणी तेच मोजते. गोळी अंगी लागत असेल तर तीन ते सहा महिन्यांत हा आकडा चांगला खाली येतो. डेक्सावर फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात.

या तपासणीवरून रोगाचं निदान होत नाही, त्याला डेक्साच हवी. आकडा रोज थोडा बदलतो, म्हणून नमुना दरवेळी ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळच्या दुसऱ्या लघवीचा घ्यावा आणि लघवीतल्याच क्रिएटिनिन या घटकाच्या प्रमाणाशी ताडून पाहावा. असेच तुकडे रक्तात मोजणारी सीटीएक्स तपासणीही आहे आणि तज्ज्ञ आज तिलाच पसंती देतात. पण तिला सकाळी उपाशीपोटी दवाखाना गाठावा लागतो. खेड्यातल्या म्हातारीला ते कसं जमावं? लघवीची बाटली आशाताई घरून नेऊ शकते.

म्हणून विनंती: ठिसूळ हाडांचं औषध सुरू करताना एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, ही तपासणी सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळावी. आणि गोळीच्या पाकिटाबरोबर ती कशी घ्यायची, हे मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीला तर निधीचीही वाट पाहावी लागणार नाही.

कळावे,
आपली नम्र,
एका रुग्णाची मुलगी