नोंदवही खुली आहे. पण ती आहे कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न 1984 च्या ऑगस्टअखेरीस नागपुरात नोंदणी पद्धतीने झाले. तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस होता, त्यामुळे तारीख घरात कोणी विसरलेले नाही. मूळ प्रमाणपत्र पलंगाखालच्या ट्रंकेत होते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा ती ट्रंक दीड दिवस पाण्यात राहिली. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली आणि प्रमाणपत्राचा लगदा. घरातला गाळ उपसण्याच्या गडबडीत त्याची खंत करायला कोणाला सवड नव्हती. ती गेल्या वर्षी झाली.

माझा भाचा अमेरिकेचा नागरिक झाला असून आईवडिलांना तिकडे बोलावण्यासाठी त्याला अर्ज करायचा आहे. आईसाठी त्याचा स्वतःचा जन्मदाखला पुरतो, वडिलांसाठी मात्र त्यासोबत आईवडिलांच्या विवाहाचे प्रमाणपत्रही लागते. त्याने फोनवर मागितले ते 'मॅरेज लायसन्स'. तिकडे लग्नाआधी काउंटी क्लार्ककडून परवाना घ्यावा लागतो, विधी झाल्यावर तोच सहीनिशी परत जातो आणि त्यावरून नोंद होते, म्हणून तिकडच्या माणसाच्या तोंडी तोच शब्द बसलेला असतो. ताईच्या लग्नाला लागू असलेल्या आपल्या कायद्यात असा परवाना नाही. त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट म्हणजे विशेष विवाह अधिनियम 1954 खाली वधूवरांनी विवाह अधिकाऱ्याला द्यायची तीस दिवसांची नोटीस. अस्तित्वातच नसलेला कागद मागत आम्ही जवळजवळ दोन महिने फिरलो, ही चूक सर्वस्वी आमची.

दुसरी चूकही आमचीच होती. हल्ली लग्नाचा दाखला म्हटला की महापालिकेचे झोन कार्यालय आठवते. नागपुरात अशी दहा झोन आहेत आणि आम्ही त्यांतल्या तिघांच्या पायऱ्या चढलो. परंतु झोन कार्यालयात नोंदले जातात ते धार्मिक किंवा पारंपरिक पद्धतीने झालेले विवाह, आणि तेही महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम 1998 याखाली. खेड्यात हेच काम ग्रामसेवकाकडे असते. विवाह अधिकाऱ्यासमोर झालेल्या लग्नाची नोंद मात्र त्या अधिकाऱ्याच्याच नोंदवहीत राहते. ज्याला जुन्या लग्नाचा कागद हवा आहे, त्याने पहिल्यांदा लग्न कोणत्या कायद्याखाली नोंदले गेले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. नुसते 'कोर्टात लग्न झाले' या उत्तरावर थांबू नये. आपल्याकडे बहुतेक 'कोर्टातली' लग्ने न्यायालयात झालेलीच नसतात.

योग्य दारात पोहोचल्यावर जे घडले, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असा अनुभव एका कार्यालयापुरता असतो असे मला वाटत नाही. खिडकीपलीकडच्या लिपिकाने अर्ज न वाचताच विचारले, "नंबर सांगा जी. नंबर नाही त शोधू कसं?" तारीख, दोघांची नावे, तिन्ही साक्षीदारांची नावे असे सगळे आम्ही लिहून नेले होते. फक्त प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हता, आणि तो असता तर बहुधा प्रमाणपत्रही असते. दुसऱ्या खेपेला "इतके जुने रेकॉर्ड इथे नाही" असे तोंडी सांगण्यात आले. मग ते कुठे आहे, याचे उत्तर नव्हते. नाही म्हणता तर तसे लेखी द्या म्हटल्यावर, तसे लेखी देण्याची पद्धत नाही असे कळले.

कायदा काय म्हणतो ते पाहावे. 1954 च्या अधिनियमाच्या कलम 47 प्रमाणे विवाह प्रमाणपत्रांची नोंदवही वाजवी वेळी पाहणीसाठी खुली असली पाहिजे आणि अर्ज करून विहित शुल्क भरणाऱ्याला तिच्यातील नोंदीचा प्रमाणित उतारा विवाह अधिकाऱ्याने दिला पाहिजे. तिथे क्रमांकाची अट नाही. कलम 48 तर याहून पुढे जाते: नोंदवहीतील सर्व नोंदींची खरी प्रत ठरावीक काळाने राज्याच्या जन्म, मृत्यू व विवाह महानिबंधकाकडे पाठवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे एक प्रत हरवली तरी दुसरी असावी, अशी तरतूद करणाऱ्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच केलेली आहे. खिडकीवर हे कलम कोणाला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पुतण्याने, जो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दाखवले तेव्हाच कळले.

जाता जाता एक विरोधाभास. इंग्रजी अमदानीत छावण्यांमधल्या चर्चमध्ये लागलेल्या लग्नांच्या प्रती सूचीसह लंडनला जात असत आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत शोधता येतात. कामठीच्या छावणीत सव्वाशे वर्षांपूर्वी लग्न केलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाच्या पणतूला आपल्या पणजोबाची नोंद घरबसल्या सापडू शकते. माझ्या ताईची नोंद तिच्या राहत्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असून सापडत नव्हती.

ती सापडली चौथ्या खेपेला. त्या दिवशी लिपिक रजेवर होते आणि त्यांच्या जागी बसलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने साधा विचार केला: नोंदी लग्नाच्या क्रमाने, म्हणजेच तारखेच्या क्रमाने लिहिलेल्या असतात, तेव्हा त्या वर्षाची वही मिळाली की तारखेवरून पान काढता येईल. अडचण क्रमांकाची नव्हतीच, वही कोणत्या कपाटात आहे याची होती. मागच्या खोलीत लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांवर वर्षे लिहिलेली चिठ्ठी कधीच गळून गेली होती. त्याने तीन बस्ते सोडले. तिसऱ्यात 1984 ची वही निघाली. पुठ्ठा सुटलेला, कडा तपकिरी झालेल्या, पण शाई स्वच्छ. पाच मिनिटांत पान मिळाले. खाली ताईची सही होती, माहेरच्या नावाची. आज ती स्वतः त्या नावाची सही करायला गेली तर अडखळेल.

यावरून माझी प्रशासनाला विनंती अगदी मर्यादित आहे. विवाह नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, मग ते विवाह अधिकाऱ्याचे असो, झोनचे असो वा ग्रामपंचायतीचे, आपल्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या वह्या आहेत आणि त्याआधीच्या कुठे हलवल्या, याची एक पानी यादी दर्शनी भागात आणि संकेतस्थळावर लावावी. त्यासाठी वह्यांचे स्कॅनिंग, निविदा, नवे सॉफ्टवेअर यांतले काहीही लागत नाही. एक सुटीचा दिवस आणि दोन माणसे पुरतील.

या यादीत वधूवरांची नावे असू नयेत, हेही आग्रहाने सांगतो. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांच्या नोटिसा संकेतस्थळावर झळकल्याने त्यांना होणाऱ्या छळाचा अनुभव घेऊनच केरळ सरकारने 2020 मध्ये तसे करणे थांबवले. ताईच्या वेळी ती नोटीस फलकावर लागली होती आणि तीस दिवस आमच्या घरात काय वातावरण होते ते मला आठवते. वही कुठे आहे हे सर्वांना कळावे. वहीत कोण आहे ते ज्याला काम आहे त्याने अर्ज करून पाहावे.

दुसरे, शोध घेऊनही नोंद मिळाली नाही तर तसे पत्र, कोणत्या तारखांच्या वह्या पाहिल्या त्याच्या उल्लेखासह, अर्जदाराला मिळालेच पाहिजे. हे पत्र म्हणजे नकार नव्हे, तोही एक कामाचा कागद आहे. अमेरिकेचे स्थलांतर खाते मूळ दाखला नसल्यास दुय्यम पुरावे विचारात घेते, पण त्याआधी नोंद उपलब्ध नसल्याचे संबंधित कार्यालयाचे लेखी म्हणणे मागते. तोंडी 'नाही' ऐकून परतलेल्या माणसाच्या हाती काहीच राहत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये ठरलेली मुदत, दोन अपिले आणि वर आयोग अशी व्यवस्था आहे. जुन्या नोंदीचा शोध आणि तिची प्रमाणित प्रत यांनाही ती स्पष्ट शब्दांत लागू करावी. तोवर वाचकांनी अर्ज आवक नोंदवून त्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, एवढे अनुभवाने सांगतो.

आमचे प्रकरण अजून पुरते मिटलेले नाही. वहीत भाऊजींच्या वडिलांचे नाव चुकीचे पडले आहे. चाळीस वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. कलम 49 प्रमाणे अशी चूक आढळल्यापासून एका महिन्याच्या आत विवाह अधिकाऱ्याला, मूळ नोंदीला हात न लावता, विवाहित दोघांच्या समक्ष समासात दुरुस्ती लिहून सही करता येते. त्यासाठी येत्या मंगळवारी ताई आणि भाऊजींना त्याच वहीपुढे उभे राहायचे आहे. भाऊजींनी लग्नातला कोट इस्त्रीला टाकला आहे. तो आता त्यांना होत नाही, हे ताईने त्यांना अजून सांगितलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर