प्लस नंबरवाल्यांना लेसरआधी नीट सांगा की

संपादक साहेब, हल्ली रिक्षाच्या मागे पण 'चष्म्याला रामराम' अशा जाहिराती दिसतात म्हणून लिहितोय. माझा नंबर प्लस ३, वर दीडचं सिलिंडर (डोळ्याचा गोलवा सगळीकडे सारखा नसला की लागणारा तिरका नंबर), मागच्या वर्षी लेसर केलं. पहिले दोन-तीन महिने मस्त गेले, गॅलरीत उभं राहून घरच्यांना लांबच्या पाट्या वाचून दाखवायचो, मग हळूहळू नंबर परत यायला लागला, आता प्लस १ आहे. मायनसवाल्यांचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, मधे चपटा करतात, आमचा कडेनं गोल गोल खरवडून मधला भाग उंच करावा लागतो, त्यामुळे नंबर थोडाफार परत येण्याची शक्यता आमच्यात जास्त, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. सिलिंडरचं पण तेच, ऑपरेशनला आडवं झोपलं की डोळा किंचित फिरतो आणि अक्ष, म्हणजे सिलिंडरची दिशा, १० अंश जरी चुकला तरी साधारण एक तृतीयांश फायदा गेला. शिवाय चाळिशी लागली की वाचायचा चष्मा येतोच. ऑपरेशन वाईट नाही हो, सिलिंडर बरंच गेलं, डोळे कोरडे पडायचे तेही ड्रॉप्सने कमी झालं, पण काउन्सेलिंगवाल्या मॅडमनी पॅकेजचे रेट तीनदा सांगितले, हे एकदाही नाही.

- एक वाचक, नाशिक