मेम्फिसहून पत्र: टाळी चुकली

ती. आई-दादांना सा. न.

आई, परवा मी 'ताजमहाल ऐकतेय' म्हटलं आणि तू हॉटेल समजलीस! अगं, ते गायकाचं नाव. जन्म न्यूयॉर्कचा, मूळ नाव हेन्री फ्रेडरिक्स. स्वप्नात गांधीजी आणि हिंदुस्थान यायचे म्हणे, म्हणून हे नाव घेतलं. त्याची १९६८ सालची 'द नॅचल ब्लूज' ही तबकडी घरमालकीणबाईंनी ऐकायला दिली. बरीचशी गाणी जुन्या वळणाची, माऊथ ऑर्गन आणि पत्र्याच्या अंगाची गिटार. दादा, कळशीत तोंड घालून बोलल्यावर घुमतं ना, तशी वाजते ती. शेवटाकडे मात्र सोल, म्हणजे चर्चमधल्या गळ्यानं म्हटलेली प्रेमगीतं.

बाईंनी एका कार्यक्रमालाही नेलं. (सहाला गेलो, नऊला घरी. दारूला हातही लावला नाही, काकूला सांगा.) तिथं माझी फजिती झाली. आपण एक-दोन-तीन-चारमध्ये टाळी एकवर देतो, समेवर. ही माणसं एक सोडतात, दोनवर देतात. तीन सोडतात, चारवर देतात. मी आरतीच्या सवयीनं एकवर वाजवली, ती सगळ्या हॉलमध्ये एकटीच वाजली. पुढच्या आजींनी मागं वळून माझं मनगट धरलं आणि दोनवर आपटलं. एकवर पायाचा ठेका, दोनवर हात! आठवडाभर भांडी घासताना सराव करतेय. दादा, तुम्ही पेटीवर करून बघा, सोपं नाही.

तबकडीतलं एक गाणं इथलंच, मेम्फिसच्या विल्यम बेलचं. त्यानं ते १९६१ मध्ये स्टॅक्स कंपनीसाठी गायलं. विहीर आटेपर्यंत पाण्याची किंमत कळत नाही, असं काहीसं. रात्री दोनदा-तीनदा लावते. उगाच अर्थ काढू नका, चाल छान आहे म्हणून.

गाव धोक्याचं आहे हे बातम्यांत बघू नका. मी अंधारात फिरत नाही, जेवते, वजनही वाढलंय.

मोतीबिंदूसाठी चाळीस हजार पाठवलेत. दिवाळीच्या तिकिटाचेच होते, म्हणून यंदा येणं नाही. पण डोळे आधी, हो ना? सांगलीच्या मुलाशी बोलले. चांगला आहे. दोन वर्षं थांबा म्हणून मीच सांगितलं. मावशी तोंडघशी पडली, कळतंय मला. तिला मी फोन करीन, तुम्ही काही बोलू नका.

तुमची,
मनू

ता. क. गणपतीत आरतीच्या वेळी फोन लावून नुसता पेटीजवळ ठेवा. बोलायचं नाहीये.