सायलीस, तुझ्या प्रोजेक्टबद्दल

सायली बाळा,

फोनवर तू म्हणालीस ना की मला प्राण्यांचा अभ्यास करायचाय, माणसांचा कंटाळा आलाय, तेव्हा बाबा मधेच बोलायला लागले म्हणून राहून गेलं. अगं तुझा विषयच माणूस आणि प्राणी यांच्यात जे काय चालतं तो आहे, मग अर्धा विषय बाजूला ठेवून कसं भागेल?

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातले बिबटे आणि सोसायट्यांमधली भटकी कुत्री घेतेयस ते जाम आवडलं मला. तू पाठवलेला २०१८ चा पेपर वाचला, अडत अडत का होईना. त्याला लागूनच्या मुंबईच्या संजय गांधी नॅशनल पार्कातल्या बिबट्याच्या खाण्यात साधारण ४० टक्के कुत्रीच, वर्षाला दीडेक हजार, आणि त्यामुळे पार्काच्या आसपास कुत्रा चावायच्या केसेस कमी होत असाव्यात असा त्यांचा अंदाज. शेजारच्या काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, मग बिबट्यालाच वॉचमन ठेवूया, पगार तरी वाचेल. हसू नकोस, हे पण वहीत लिही! कारण कुत्री तिथे आहेत ती आपला कचरा आणि हॉटेलांचं उरलंसुरलं आहे म्हणून, आणि कुत्री आहेत म्हणून बिबट्या पार खाली वस्तीपर्यंत येतो, म्हणजे सुरुवात आपल्या डस्टबिनपासूनच झाली की.

आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुत्र्यांना खायला घालणारे आणि विरोधवाले यांचं भांडण चालूच असतं. तू कुणाच्या बाजूची ते मला माहितीये. म्हणूनच सांगते, सी विंगमधले जे आजोबा मॉर्निंग वॉकला काठी घेऊन निघतात त्यांच्याकडे आधी जा, चहा पी, त्यांचं पूर्ण ऐकून घे, मधे नियम सांगत बसू नकोस. कुत्र्याच्या कानाला कट असतो तो कशाचा हे मात्र दोन्ही पार्ट्यांना विचार. नसबंदी आणि लस झाली की तशी खूण करून परत त्याच जागी सोडतात, हे भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी माहीत असेल का, मला शंकाच आहे.

पाड्यांवर जाशील तेव्हा वाघबारसेच्या सुमारास जा, दिवाळीला तू इथेच असशील. वारली लोक वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या देवाला, मानतात, पूजतात. पण लगेच "हे लोक बिबट्याला घाबरत नाहीत, सहजीवन" असलं गोड गोड लिहू नकोस गं, वाघोबाला नारळ देणारी बाईसुद्धा अंधार पडला की पोरांना हाका मारून आत घेतेच, दोन्ही खरं आहे.

आणि तो बर्लिनचा हान्स घोडा, तूच सांगितलं होतंस, गणितं सोडवायचा, उत्तराइतके खूर आपटायचा. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याला दिसतच नसला तर घोडा चुकायचा, म्हणजे तो माणसाच्या चेहऱ्यावरची, मानेची बारीक हालचाल वाचत होता, आणि मालक लबाडी करत नव्हता, त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. मला तर घोडा गणितवाल्यापेक्षाही हुशार वाटला. तू पण अशीच समोर उभी असणारेस, कुत्र्यांच्या आणि आजोबांच्यासुद्धा. तुझ्या पिशवीत बिस्किटाचा पुडा दिसला की दोघंही वेगळे वागतील, तेव्हा पुडा घरी ठेव.

बरं, फिल्डवर्कच्या आधी रेबीजची इंजेक्शनं घ्यायचीच, ह्यात चर्चा नाही. आणि घेतली असली तरी चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवायचं आणि सरळ डॉक्टरकडे, कुणी हळद-तिखट लाव म्हणालं तर ऐकायचं नाही, आजी म्हणाली तरी. तिकडे हॉस्टेलजवळ घेतेस की मी इथे चौकशी करू, ते रात्री मेसेज कर.

आई