बोट रात्रीची, मग सकाळी का निघायचे?

कॉव्हेन्ट्री,
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी विचारले की फ्रान्सला जाणारी आपली बोट पोर्ट्समथ बंदरातून रात्री पावणेअकराच्या सुमारास सुटते आणि ते बंदर आमच्या घरापासून साडेतीन-चार तासांवर आहे, तर सकाळी दहालाच घर सोडण्याची घाई कशासाठी? दुपारचे जेवण घरी करून, थोडी वामकुक्षी घेऊन चारला निघाले तर काय बिघडते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फोनवर देणे अवघड होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी नेताना एखादी बोट चुकली तर आपण पुढच्या बोटीची वाट पाहतो. इथून फ्रान्समधल्या विस्त्रेआम बंदराला जाणारी रात्रीची बोट एकच असते, आणि सुट्टीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीच्या बोटीवर कॅरव्हानला, म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घराला, पुरेल एवढी जागा शिल्लक असेलच याची खात्री नसते. तिकीट काढतानाच गाडीची लांबी आणि उंची कळवावी लागते, भाडेही त्यावरच ठरते. आमची मोटार आणि कॅरव्हान मिळून लांबी सुमारे बारा मीटर, म्हणजे बेस्टच्या एका बसएवढी भरते.

कॅरव्हान मागे लावलेल्या मोटारीला दुभाजक असलेल्या रस्त्यांवर आणि मोटारवेवर ताशी 60 मैल, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर 50 मैल अशी कमाल मर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटारवेवर सर्वांत उजवीकडच्या मार्गिकेत जाण्यास मनाई आहे. त्यामुळे तासभर जास्त लागतो, एवढेच. खरी काळजी असते ती ऑक्सफर्डकडून विंचेस्टरकडे जाणाऱ्या ए34 या रस्त्याची. साउदॅम्प्टन बंदरातले कंटेनर देशाच्या मध्यभागाकडे नेणारे ट्रक याच रस्त्याने ये-जा करतात, प्रत्येक दिशेला मार्गिका मात्र दोनच, आणि एखादा अपघात झाला की सगळी वाहतूक तासन्‌तास ठप्प होते. नुसती मोटार असेल तर आडवाटेने एखाद्या गावातून पुढे निघता येते. मागे कॅरव्हान असताना अशा अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, तर स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवत ती सगळी लांबी मागे घ्यावी लागते, आणि ते मी तुम्हांला गाडीत बसवून करणार नाही. म्हणून बिनभरवशाचा रस्ता सकाळीच मागे टाकायचा आणि मोठी विश्रांती बंदराच्या जवळ घ्यायची, असे मी ठरवले आहे. बरेच लोक उलट करतात, म्हणजे अर्ध्या वाटेत दुपारभर रमतात आणि संध्याकाळी घड्याळाकडे पाहत गाडी हाकतात.

वाटेतले थांबे त्यामुळे छोटेच राहतील. हायवे कोड या इथल्या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेत दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटे थांबण्याचा सल्ला दिलेला आहे, आणि बाबांच्या गुडघ्यालाही तेवढ्याने मोकळीक मिळेल. एम40 या मोटारवेवर चरवेल व्हॅली सर्व्हिसेसमध्ये चहा घेऊ. खालापूरच्या फूड मॉलसारखाच हा प्रकार आहे, फक्त वडापाव नाही. अशा ठिकाणी बहुतेक दोन तास पार्किंग फुकट असते, त्यानंतर पैसे भरावे लागतात, आणि न भरल्यास कॅमेऱ्याने टिपलेल्या नंबराच्या आधारे दंडाची चिठ्ठी घरी येते. म्हणजे दुपार काढण्यासाठी या जागा नाहीतच. शिवाय कॅरव्हानसाठी आखलेल्या थोड्या जागा सुट्टीच्या दिवशी लवकर भरतात, आणि मग ट्रकांच्या रांगेत उभे राहावे लागते.

दुसरा थांबा ए34 वरच्या सटन स्कॉट्नी इथे घेऊ, आणि तो चुकवायचा नाही. नकाशावर त्यापुढे विंचेस्टर आणि राउनहॅम्स या दोन सर्व्हिसेस दिसतात, पण आपल्या उपयोगाची त्यांतली एकही नाही. विंचेस्टरच्या सर्व्हिसेस एम3 या मोटारवेवर, आपण त्याला जिथे मिळतो त्याच्या आधीच्या भागात, म्हणजे आपल्या वाटेबाहेर राहतात, आणि राउनहॅम्स पुढच्या एम27 या मोटारवेवर पश्चिमेला आहे, तर आपल्याला वळायचे असते पूर्वेला. प्रसाधनगृह म्हणा, डिझेल म्हणा, जे काही असेल ते सटन स्कॉट्नीलाच उरकून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा दुपारच्या जागेचा. समुद्रकिनारी गाडी लावून बसू, अशी आईची कल्पना आहे. अशा वाहनतळांच्या तोंडाशी पुष्कळदा दोन-सव्वादोन मीटरवर आडवी लोखंडी दांडी असते, आणि आपली कॅरव्हान त्याहून उंच आहे; दांडी नसली तरी आत वळायला जागा पुरत नाही. हमरस्त्यालगत थांबण्यासाठी ले-बाय असतात, त्यांतले झाडांच्या पट्ट्याने रस्त्यापासून वेगळे केलेले असतात ते तासाभरासाठी बरे, परंतु उघड्या ले-बायमध्ये शेजारून ट्रक गेला की टेबलावरचा कप सरकेल इतकी कॅरव्हान डुलते. तिथे बाबांना झोप लागणार नाही.

बसायला, पडायला, चहा करायला, औषधे घ्यायला लागणारे सगळे घर आपल्या मागेच असते, तेव्हा जागेकडून अपेक्षा फार नाहीत: ती सपाट असावी, संध्याकाळपर्यंत राहण्याची स्पष्ट परवानगी असावी आणि गाडी मागे न घेता सरळ बाहेर पडता यावे. देखावा नसला तरी चालेल. इथल्या कॅरव्हान क्लबांच्या मान्यतेने शेतकरी आपल्या एखाद्या रानात एका वेळी पाच कॅरव्हान उतरवून घेतात. पोर्ट्समथच्या उत्तरेला अशाच एका शेतकरीणबाईंशी मी फोनवर बोललो आहे. रात्रीचा मुक्काम नको, दुपारी दोन ते संध्याकाळी साडेसात एवढीच जागा हवी, असे सांगितल्यावर त्या थोडे पैसे घेऊन तयार झाल्या. आत एका फाटकाने जायचे आणि दुसऱ्याने बाहेर पडायचे, हेही मी विचारून घेतले आहे.

तिथे पोहोचल्यावर मी चारही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडेपर्यंत कोणी आत चढू नये, कारण वजन एका टोकाला गेले तर कॅरव्हान कलते. गाडी चालू असताना आत बसण्यास तर कायद्यानेच बंदी आहे, म्हणून आईने पाठ टेकण्याची वेळ ही दुपारचीच. पायरी उंच आहे, त्यासाठी रुंद लाकडी पाट करून ठेवला आहे.

स्वयंपाकाचा बेतही त्या दुपारीच उरकायचा आहे. ब्रिटनमधून युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशांना दूध, दही, पनीर यांसारखे दुग्धजन्य पदार्थ किंवा मांस नेता येत नाही, आणि भाज्या-फळांना बहुतेक वेळा प्रमाणपत्र लागते. त्यातून वगळलेली फळे पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. तेव्हा खोबरे आणि केळी खुशाल घ्या. दूध मात्र शेतातल्या चहात संपवायचे, उरले तर त्याची खीर करू. मेथी आणि लिंबे फ्रान्समध्ये पुन्हा विकत घेऊ.

साडेसातला निघताना गॅसची टाकी बंद करावी लागते, बोटीवर तो नियमच आहे. गाड्या ज्या मजल्यावर उभ्या असतात तिथे प्रवासात थांबता येत नाही, म्हणून रात्रीची औषधे, शाल, पासपोर्ट आणि बदलायचे कपडे एका लहान पिशवीत वेगळे ठेवावेत. एकदा वर केबिनमध्ये गेल्यावर सकाळी उतरेपर्यंत कॅरव्हानकडे जाता येणार नाही. शेतापासून बंदर फार लांब नाही, आणि एम275 हा रस्ता थेट बंदरापाशीच संपतो.

बाबांनी जेवणानंतरच्या गोळ्यांच्या वेळा मला लिहून पाठवाव्यात, म्हणजे सटन स्कॉट्नीला जेवायचे की शेतावर पोहोचून, ते ठरवता येईल. आईची मधुमेहाची तपासणी झाली असेल तर तेही कळवावे. शेंगेन व्हिसाच्या कागदांबद्दल वेगळे लिहितो.

आपला,
संदीप

ता. क. शेतात रेंज कमी येते. त्या दुपारी दादाने गिरगावातून फोन केला आणि लागला नाही, तर काळजी करू नये.