होड्या सजवा, पण थर्माकोल नको

महोदय,

नारळी पौर्णिमेला अलिबागच्या किनाऱ्यावर होतो. पताका, झेंडूच्या माळा, नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) ताजा रंग अशा थाटात होड्या रांगेने निघाल्या. पुढच्या होडीत सोनेरी कागदात मढवलेला नारळ होता. यांत्रिक होड्यांवरची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, तरी बरेच कोळी दर्याला नारळ वाहिल्याशिवाय जाळं टाकत नाहीत. शेजारची आजी होड्यांकडे न बघता वाऱ्याकडेच बघत होती. मुलगा दुसऱ्या दिवशी निघणार होता ना!

खटकलं एवढंच, की काही होड्यांवर थर्माकोलची मखरं होती. २०१८पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. ओहोटीला त्याचेच तुकडे वाळूत दिसले. पुढच्या वर्षी मिरवणुकीआधीच बंदरावर तपासणी व्हावी.

– एक वाचक, अलिबाग